तारपुऱ्याची ताई आणि आमची सह्यांची वही

आमच्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी येते तिला मागे वेगवेगळे डबे असतात, ओला, सुका, प्लास्टिक वगैरे, आणि एक छोटासा, घरगुती घातक कचऱ्याचा. सासूबाईंचा त्या छोट्या डब्यावर फार जीव. एक्सपायरी झालेल्या गोळ्या, फुटलेला बल्ब, सासऱ्यांच्या डायची बाटली, सगळं पेपरात नीट बांधून त्या स्वतः खाली घेऊन जातात, माझ्या हातात पण देत नाहीत. गाडीवाल्या पोराला रोज सांगणार, "बेटा, ये वो वाले में डालना." इंदूर 2017 पासून दरवर्षी स्वच्छतेत पहिलं येतंय त्यात आपला पण वाटा आहे असं त्यांना मनापासून वाटतं. आहेच म्हणा.

तर 2 जानेवारी 2025 ची सकाळ. मी पोह्यांना फोडणी घालत होते आणि त्या मोबाइल डोळ्यांजवळ धरून बातमी वाचत होत्या, की भोपाळहून 12 कंटेनर रात्रीतून निघाले, पुढे-मागे पोलीस, ग्रीन कॉरिडॉर, अडीचशे किलोमीटर, आणि पहाटे पीथमपूरला पोचले. आत 1984 च्या गॅसकांडातल्या युनियन कार्बाइड कारखान्याचा 337 टन कचरा, पीथमपूरच्या भट्टीत जाळायला आणलेला. पीथमपूर म्हणजे आमच्या राजेंद्रनगरहून गाडीनं किती लांब, राऊ ओलांडलं की आलंच. त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि मला विचारलं, "चाळीस वर्षं कोणाच्या डब्यात होता गं हा?"

मला उत्तर येत नव्हतं. आता थोडं येतं, म्हणून हे लिहायला बसलेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

त्या दिवशी मात्र उत्तर शोधायला वेळच नव्हता, व्हॉट्सॲप पेटलं होतं. मंडळाचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, एरवी ज्यांच्यात गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय काही येत नाही तिथे डायॉक्सिन आणि फ्युरान, म्हणजे असला कचरा जाळताना निघणारी विषं. दुसऱ्या दिवशी, 3 तारखेला पीथमपूर बंद झालं, लाठ्या चालल्या, दोन माणसांनी अंगावर ओतून पेटवून घेतलं. तो व्हिडिओ मी अर्धाच बघितला. संध्याकाळी आमच्या इथल्या आठ-दहा बायका आणि तीन रिटायर्ड काका जमलो आणि ठरवलं की सह्या गोळा करायच्या. दोनशे पानी वही, वर स्केचपेननं हिंदीत मजकूर, की यशवंत सागर वाचवा. कारण मुद्दा तोच होता आमचा. यशवंत सागर होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला तलाव, शहराच्या पश्चिमेकडच्या भागाला अजून त्याचं पाणी येतं, आणि पीथमपूरची ती भट्टी आहे तारपुरा गावाला लागून, म्हणजे तिकडचं काही झिरपलं वाहिलं तर आपल्या नळाला येणार ही भीती. भीती काही आमच्याच डोक्यातून निघालेली नव्हती, मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना, म्हणजे शहरातले मोठमोठे डॉक्टर, हायकोर्टात गेले होते.

सासरे एकदम फॉर्मात आले. ते 1970 च्या नर्मदा आंदोलनातले. तेव्हा इंदूरला पाणी नव्हतं, आणि नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून वर चढवून आणा म्हणून अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं, अभ्यास मंडळ ही इथली संस्था, मुकुंद कुलकर्णींसारखे पुढारी, कॉलेजची पोरं, सगळ्या पक्षांची माणसं. 1978 ला नर्मदा आली. सासरे तेव्हा कॉलेजात, त्यांनी नेमकं काय केलं ते दर वेळी थोडं वाढतं, यावेळी त्यांनी कलेक्टरशी वाद पण घातला होता. पण एक गोष्ट ते बरोबर म्हणतात, की तेव्हा आम्ही काहीतरी मागत होतो, तुम्ही नुसतं नको म्हणताय. मला राग आला होता ऐकून.

सोसायटीत सह्या पटापट झाल्या. मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वही फिरवली, तीळगूळ घ्या आणि सही करा. एक काकू म्हणाल्या कागदं रंगवून काय होणार, पण सही केली, वर पत्ता पण पिनकोडसकट. मग कोणीतरी म्हणालं की प्रत्यक्ष तारपुऱ्याच्या लोकांच्या सह्या नकोत का. तर एका रविवारी आम्ही चौघी आणि जोशी काका त्यांच्या व्हॅगनआरमधून गेलो.

पहिल्याच गल्लीत एक ताई भेटली, माझ्याहून लहान, ओट्यावर गहू निवडत बसलेली, शेजारी पाण्याची वीस लिटरची कॅन उलटी ठेवलेली. मी वही पुढे केली, आमचं ठरलेलं भाषण केलं. तिनं पूर्ण ऐकलं. सुपातला खडा उचलून अंगणात टाकला आणि म्हणाली, "सही तो नहीं करूँगी दीदी, मेरे आदमी की ठेकेदारी में नौकरी है. चाय पी के जाना." कुठल्या कारखान्यात ते तिनं सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही. चहा आला, आलं घातलेला, कपबशीत. आणि मग ती सहज म्हणाली, टोमणा मारायचा म्हणून नाही बरं का, अगदी साधं विचारावं तसं, "आप लोग तो अपने पानी के लिए आए हो ना?"

जोशी काका खोकले. मी वहीकडे बघितलं. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, यशवंत सागर बचाओ. तारपुरा हा शब्द अख्ख्या पानावर कुठेच नव्हता. ही भट्टी काय जानेवारीत बांधली का? वर्षानुवर्षं तिथे धोकादायक कचरा येतोय, 2008 मध्ये भोपाळचाच चाळीस टन गाळ इथे पुरला गेला, 2015 मध्ये दहा टन कचरा ट्रायल म्हणून इथेच जाळला. तेव्हा मी कुठे होते? इथेच, राजेंद्रनगरमध्ये, पोहे करत.

त्या दिवसापासून मी जरा वाचायला लागले, आणि वाचताना सगळ्यात जास्त गंमत, म्हणजे रडावं की हसावं अशी गंमत, कुठे वाटली तर ह्या कचऱ्याच्या प्रवासात. 2004 मध्ये हायकोर्टात याचिका गेली की कारखान्यात पडलेला हा कचरा हलवा. आधी ठरलं गुजरातमध्ये अंकलेश्वरला जाळायचा, गुजरात आधी हो म्हणालं, तिथले लोक उठले, मग नाही म्हणालं. मग नागपूरजवळ संरक्षण खात्याच्या भट्टीचं नाव निघालं, महाराष्ट्रानं नाही म्हटलं, आपली मराठी माणसं तेव्हा जिंकली. मग 2012 मध्ये चक्क जर्मनी, तिथल्या सरकारी संस्थेनं तयारी दाखवली, हॅम्बुर्गचे लोक ओरडले, संस्थेनं अंग काढून घेतलं. म्हणजे प्रत्येक गावचे लोक आमच्यासारखीच वही घेऊन फिरले आणि जिंकले, आणि कचरा पुढच्या गावाच्या नावावर गेला. आमच्या बायकांच्या भिशीत शेवटी राहिलेली चिठ्ठी असते तसं पीथमपूर राहिलं.

आणि ह्या सगळ्यात ज्यानं तो कचरा केला तो कुठेच नाही. हे मला आधी कसं दिसलं नाही कोण जाणे.

2 आणि 3 डिसेंबर 1984 ची रात्र आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, टाकीत पाणी शिरलं, चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर आला. माझी मावशी तेव्हा भोपाळला टी.टी. नगरमध्ये राहायची, ती आयुष्यभर एवढंच म्हणायची की वारा आमच्याकडे आला नाही, बास. पुढचं तिनं कधी सांगितलं नाही. पण पुढचं असं की 1989 मध्ये कंपनीशी 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2001 मध्ये डाऊ केमिकलनं युनियन कार्बाइड विकत घेतली आणि म्हणाली आम्ही तेव्हा नव्हतो. 2010 मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा आणि त्याच दिवशी जामीन. वॉरन अँडरसन 2014 मध्ये अमेरिकेत म्हातारा होऊन गेला, इथल्या कोर्टापुढे एकदा पण उभा न राहता. सरकारनं आणखी भरपाई मागितली होती, ती याचिका सुप्रीम कोर्टानं मार्च 2023 मध्ये फेटाळली. आणि जाळायचे 126 कोटी रुपये? केंद्र सरकारनं दिले. म्हणजे मी, तुम्ही, आणि ती गहू निवडणारी ताई, ती मिठाच्या पुड्यावर नाही पण साबणाच्या वडीवर टॅक्स देतेच ना.

बरं कायदा नाही असं पण नाही. 1986 मध्ये दिल्लीच्या ओलियम गॅसगळतीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की धोकादायक धंदा करणाऱ्याकडून कोणाला इजा झाली तर त्यानं भरून द्यायची, चूक कोणाची हा प्रश्नच नाही, सबब चालणार नाही. भोपाळ नंतर दोन वर्षांनी हे आलं. भोपाळच्या कामी किती आलं ते वर लिहिलंच आहे.

मग कोणी काहीच मिळवलं नाही का, तर तसं नाही, आणि हे मला आमच्या ग्रुपवर टाकायचं होतं पण तिथे तोपर्यंत कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे फोटो सुरू झाले होते, म्हणून इथे लिहिते. कोडाईकनालला हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. 2001 मध्ये तिथल्या लोकांना भंगारवाल्याकडे टनांनी फुटक्या काचा सापडल्या, पारा लागलेल्या. लोकांनी ते उघडं केलं, कारखाना बंद झाला, आणि 2003 मध्ये कंपनीला तो 290 टन पाऱ्याचा कचरा जहाजात भरून अमेरिकेला परत न्यावा लागला. परत! जिथून आला तिथे. 591 कामगारांशी समझोता व्हायला मात्र 2016 उजाडलं. भोपाळचे गॅसपीडित हेच मागत होते, की पीथमपूरला नको, डाऊला म्हणावं तुझं आहे तू ने. आम्हाला वाटत होतं भोपाळवाले आपली ब्याद आमच्याकडे ढकलतायत. त्यांच्यातले कितीतरी जण तर जानेवारीत आमच्याच बाजूनं बोलत होते, आम्ही ऐकलं नाही.

रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला, ही नावं मला चाळीस वर्षं मध्यप्रदेशात राहून माहीत नव्हती, ह्याची लाज वाटते. दोघी गॅसपीडित, 1989 मध्ये बायकांना घेऊन भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या. 2002 मध्ये त्यांनी आणि बाकीच्यांनी मोहीम काढली, झाडू मारो डाऊ को, आणि कंपनीच्या ऑफिसांमध्ये खरोखरचे झाडू नेऊन दिले. 2004 मध्ये दोघींना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, ते पैसे त्यांनी गॅसपीडितांच्या मुलांसाठी ट्रस्टमध्ये घातले. हे सासूबाईंना वाचून दाखवलं. झाडूवर त्या खूश. म्हणाल्या, आपण एवढे स्वच्छतेचे इनाम घेतो, हे नाही सुचलं.

आमच्या वहीचं पुढे काय झालं ते पण सांगते. एका ऑफिसात दिली, पोच मिळाली. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं थांबवायला नकार दिला, आधी दहा-दहा टनांच्या तीन ट्रायल झाल्या, मग उरलेला, आणि जूनच्या शेवटी सगळा जळून झाला. सरकार म्हणालं धुरातली मापं मर्यादेत होती. 337 टनांची राख मात्र चुना वगैरे मिसळून आठशे टनांच्या वर झाली, जाळून वाढणारी वस्तू मी पहिल्यांदाच बघितली. आणि भोपाळला जमिनीत पुरलेलं आणि हातपंपाच्या पाण्यात उतरलेलं ते तसंच आहे, 337 टन म्हणजे नुसता वरचा केर होता.

जुलैत मी आयुष्यातला पहिला आरटीआय टाकला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, पोस्टातल्या बाईंनी ती शोधायला वीस मिनिटं लावली, म्हणाल्या आजकाल कोण घेतं. चार प्रश्न विचारले. तारपुरा आणि आजूबाजूच्या गावातल्या हातपंपांचं पाणी गेल्या पाच वर्षांत कधी तपासलं, रिपोर्ट द्या. राख कुठे पुरणार, नकाशा द्या. गावातल्या लोकांची आरोग्य तपासणी झाली का. आणि चौथा जोशी काका नको म्हणत होते तरी घातला, की ह्या सगळ्या कामाच्या खर्चापैकी कंपनीकडून किती रक्कम वसूल झाली.

तीस दिवसांत उत्तर द्यायचा कायदा आहे, चौतिसाव्या दिवशी आलं. एक पान. पहिल्या तीन प्रश्नांपुढे एकच वाक्य, "उक्त जानकारी इस कार्यालय में संधारित नहीं है." म्हणजे ही माहिती ह्या ऑफिसात ठेवलेलीच नाही. चौथ्यापुढे एकच शब्द, "निरंक."

सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. निरंक म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं, शून्य. त्या म्हणाल्या, "एवढं मात्र संधारित आहे होय."

अपील लिहून झालंय. जोशी काका म्हणतात पहिल्या प्रश्नात गावांची नावं आणि हातपंपांच्या जागा एकेक करून लिहा, नाहीतर परत तेच वाक्य येईल, आणि ते बरोबर आहे, पण हातपंप कुठे कुठे आहेत ते मला इथे बसून काय माहीत. म्हणून येत्या रविवारी परत तारपुऱ्याला जातेय, त्या ताईला फोन केला होता, ती म्हणाली सकाळी या, नवरा ड्यूटीवर असतो. सही मागायची नाहीये. ती दाखवेल आणि मी लिहून घेईन. काकांच्या गाडीत एक जागा आहे, कोणाला यायचं असेल तर शनिवारपर्यंत कळवा, पोहे मी बांधून घेते.