ऐन आंब्यातली जयंती

१८ एप्रिलला आमच्या दापोलीजवळच्या मुरूडात माणसं गोळा करणं काय असतं, ते बागायतदारालाच विचारा. कलमांवर काढणी चाललेली, आढ्या लागलेल्या, पेट्या भरायला गडी मिळत नाही, आणि अशा दिवसांत आमचं मंडळ महर्षी कर्व्यांची जयंती करतं. अण्णा १८५८ साली शेरवलीला आजोळी जन्मले ते ऐन आंब्यात, त्याला मंडळ काय करणार? गणपतीला मुंबई-पुण्याची झाडून सगळी मंडळी येतात. शिमग्याला पालखी नाचवायला रजा टाकून येतात. जयंतीला मात्र फोन येतो, "काकू, मनाने तिथेच आहोत हो." मनाने आलेल्यांसाठी मी सतरंज्या घालत नाही. कार्यक्रम मे महिन्यात ढकला, सुट्टीत गर्दी होईल, अशी सूचना दरवर्षी येते. मी खजिनदार आहे तोवर ती मंजूर व्हायची नाही. जन्म एप्रिलातला आणि जयंती मे महिन्यात, हे अण्णांसारख्या गणिताच्या मास्तरांना तरी पटलं असतं का?

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ हे सगळीकडे होतं तसंच होतं. पाहुण्यांचं भाषणही बहुधा ठरलेलं असतं. १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ चं भारतरत्न, त्याच वर्षी निघालेलं टपाल तिकीट, ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा शताब्दीचा सत्कार आणि नेहरू. सगळं खरं आहे आणि मुलांना ते माहीत असायलाच हवं. पण ते ऐकताना माझं निम्मं लक्ष पन्ह्यात बर्फ पडला की नाही याकडे असतं.

मी जिवाचा कान करून ऐकते ते वर्तमानपत्राचं वाचन. ही आमच्या जयंतीची स्वतःची पद्धत. सातवीतलं एक पोर उठतं, त्या दिवशीचा पेपर उघडतं आणि मोठ्याने वाचतं. पाठ केलेलं काही नाही, हातवारे नाहीत. त्यामागे सोमण गुरुजी आहेत. विनायक लक्ष्मण सोमण हे मुरूडच्या शाळेतले मास्तर. गावाने जगात काय चाललंय ते ऐकावं म्हणून त्यांनी दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्राचं वाचन सुरू केलं, आणि वाचायला बसवलं ते धोंडूला, म्हणजे आमच्या अण्णांना. मुलगा भिडस्त, चारचौघांत तोंड उघडणं जिवावर येणारा. अण्णांना सार्वजनिक कामाचं वळण लागलं ते या गुरुजींमुळे, आणि अण्णांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. गुरुजींनी गावात सामाईक भांडवलावर दुकान काढलं, त्यातही या पोराला राबवलं. दुकान बुडालं. आमच्या मंडळातल्या व्यापारी सभासदांना ही गोष्ट फार आवडते.

माझं तर स्पष्ट मत आहे की त्या दिवशी दोन तसबिरींना हार घालावा. सोमण गुरुजींची तसबीर आमच्याकडे नाही, म्हणून निदान त्यांच्या नावाचा एक नारळ वेगळा ठेवायला मी लावते. जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजवल्यामुळे हा माझा पक्षपात असेल, असू दे. विद्यापीठ काढणाऱ्याचे पुतळे होतात. त्याला बारा-तेराव्या वर्षी पेपर हातात देऊन "वाच" म्हणणाऱ्याची आठवण एका नारळावर भागते.

एका वर्षी वाचायला उभी राहिलेली मुलगी मासळी उतरवणाऱ्यांच्या घरातली होती. बाजारभावाच्या पानावर ती अडखळली नाही, अग्रलेखावर अडखळली. मागे बसलेल्या तिच्या आजीने मोठ्याने विचारलं, "म्हणजे काय गो ते?" मुलीने वाचन थांबवून आजीला अर्थ सांगितला आणि पुढे वाचू लागली. सूत्रसंचालकांना वाटलं कार्यक्रम बिघडला. मला वाटलं, देवळातलं वाचन असंच होत असणार. दुसरं कसं असेल?

त्यानंतर साताऱ्याची गोष्ट. ती सांगायचा मान आमच्या निवृत्त एसटी कंडक्टर भाऊंचा. १८७५ साली सहावीची परीक्षा द्यायला अण्णा आणि त्यांचे सोबती मुरूडहून निघाले. पावसाळी हवेमुळे मुंबईची बोट मिळेना, म्हणून साताऱ्याचं केंद्र गाठायचं ठरलं, तेही पायी, शंभराहून जास्त मैल. भाऊ ते अंतर बसच्या थांब्यांनी सांगतात. दापोली! खेड! चिपळूण! कुंभार्ली घाट! मग पाटण, उंब्रज. प्रत्येक थांब्याला पोरं टाळी वाजवतात, आणि घाट आला की भाऊ हटकून स्वतःच्या गाडीचा एखादा किस्सा घुसडतात. साताऱ्याला पोचल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरतो. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. परीक्षकांनी पोराकडे बघितलं, हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणाले आणि परीक्षेला बसू दिलं नाही. दाखला होता, तरी नाही. आता परत त्याच वाटेने घरी. भाऊ तिथे थांबतात, पाणी पितात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी त्या वेळी मांडवात कोणी बोलत नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला अण्णा ती परीक्षा पास झाले, हे भाऊ एका वाक्यात उरकतात. यशात त्यांना फारसा रस नाही.

आता १८९३. तो भाग कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी खाली सरकतो आणि मी तो दरवर्षी वर घेते. अण्णा तोवर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले होते. पहिली पत्नी राधाबाई वारलेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, त्यांनी लग्न केलं. याच आमच्या मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. अण्णांना घरात घ्याल तर तुम्हीही वाळीत, असा दम गावात राहणाऱ्या आई आणि भावालाही दिला. हे आमच्यातल्या एक वयस्कर मावशी सांगतात, बसूनच सांगतात, कारण गुडघे. अण्णांचं फारसं बोलत नाहीत, त्यांच्या आईचं बोलतात. मुलगा गावात आलाय आणि त्याला पानावर बसवता येत नाही, या एवढ्याशा गोष्टीवर मावशी बराच वेळ रेंगाळतात. मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात आणि पुरुष मोबाइल बघतात. नंतर कोणीतरी म्हणतंच, "शुभ दिवशी जुनं कशाला उकरायचं?" उकरायचं, कारण ठराव करायला बसले होते ते आमचेच पणजे. आज पर्यटकांना "हे अण्णांचं गाव" म्हणून सांगताना आपला आवाज जरा जास्तच मोठा लागतो, तेव्हा हेही सांगायला हवं.

गोदूबाईंवर, ज्यांना सगळे 'बाया' म्हणत, एक एकपात्री गेली काही वर्षं होते. नवरा मिळकत संस्थेत घालणार, संसार कसा चालवायचा ते बायांनी बघायचं, आणि वर आश्रमासाठी वर्गणी मागत फिरायचं. कॉलेज सुटल्यावर हिंगण्याला आश्रमाच्या झोपडीकडे चिखल तुडवत जाणाऱ्या अण्णांचं कौतुक सगळे करतात. घरी कंदील लावून बसलेल्या बाईवर बोलणारी ही एकटी मुलगी. तिचा आवाज मागे पोचत नाही, माईकची व्यवस्था सुधारा, हे मी सभेत दोनदा मांडलं आहे.

आभार. मंडळाने ठरवलं आहे की नावं घ्यायची नाहीत, कारण एक नाव राहिलं की वर्षभर ओटीवर चहा मिळत नाही. म्हणून कामं सांगते, ज्याने त्याने आपलं ओळखावं. मांडवाला झापं देणारे, ती बांधणारे, पहाटे अंगण सारवणाऱ्या दोघी जावा. पन्हं आणि कैरीची डाळ करणारा महिला मंडळाचा गट, त्यात डाळ वाटून देणाऱ्या वेगळ्या, त्यांना विसरू नये. शाळेच्या किल्ल्या सुट्टीच्या दिवशी आणून देणारे शिपाईमामा. दापोलीहून पाहुण्यांना घेऊन येणारा रिक्षावाला, ज्याने भाडं अर्धंच घेतलं. फुलं देणारी आजी. पेटी आणणारे आणि परत नेऊन ठेवणारे, हे एकच गृहस्थ नव्हेत. हंगाम टाकून दोन तास बसलेले बागायतदार. आणि हो, आदल्या रात्री वीज गेली तेव्हा जनरेटर देणारा तरुण, जो मंडळाचा सभासददेखील नाही. त्याला मी पावती पुस्तक घेऊन गाठणारच आहे.

हिशेबाचं वाचन कार्यक्रम संपल्यावर होतं. मागच्या खेपेला त्याला चौघे थांबले होते, त्यांतले दोघे उरलेल्या डाळीसाठी. अण्णांनी उतारवयात दारोदार फिरून गोळा केलेल्या पैशांचा चोख हिशेब ठेवला, तेव्हा आमच्या वर्गणीचाही ऐकायला बसावं, एवढंच म्हणणं आहे. ज्यांची वर्गणी राहिली आहे त्यांनी ती गणपतीपर्यंत द्यावी. तेव्हा तर येताच.