दौलताबादहून दिल्लीला, तुघलकाच्या मागावर

दिल्ली पाहायची म्हणजे लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट आणि संध्याकाळी चांदणी चौक, असा बेत ठरलेलाच असतो. आमचाही झाला, आणि छान झाला. पण माझं बालपण देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या, परिसरात गेलंय. शाळेच्या प्रत्येक सहलीत एकच गोष्ट ऐकायची: महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली आणि काही वर्षांनी सगळ्यांना परत नेलं. लहरी राजा, विषय संपला. ती माणसं जिथून निघाली ती दिल्ली कशी होती, हे मात्र कुणी सांगायचं नाही. मला तेच बघायचं होतं.

सचखंड एक्स्प्रेसमध्ये दुपारी बसलं की दौलताबादचा डोंगर मागे पडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास दिल्ली येते. महंमदाच्या काळात इथे आलेल्या मोरोक्कोच्या प्रवाशाने, इब्न बतूताने, हीच वाट चाळीस दिवसांची सांगितली आहे, दुतर्फा झाडं लावलेली. लेकुरवाळ्या बायकांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी ती कशी काटली असेल, हा विचार इटारसीपासून डोक्यातून जात नव्हता.

पहिली सकाळ तुघलकाबादसाठी राखून ठेवली होती. हा किल्ला महंमदाच्या वडिलांनी, गियासुद्दीनने, 1321 च्या सुमारास बांधायला घेतला. तटाचा घेर साधारण साडेसहा किलोमीटर. भिंती खाली रुंद आणि वर आत झुकलेल्या, दगड इतके अवजड की जवळ गेल्यावर मान वर करून बघत राहावं. आत मात्र वेडी बाभूळ, माकडं आणि पडक्या भिंती. ज्या खाणीतून तटाचा दगड काढला तिचंच पुढे तळं केलं. काठावर उभं राहिलं की हिशेब लगेच कळतो. एवढा खटाटोप करून वसवलेलं हे शहर काही वर्षांतच ओस पडलं.

समोर, रस्त्यापलीकडे, गियासुद्दीनची कबर आहे. पूर्वी तिच्याभोवती पाणी होतं आणि किल्ल्यातून तिथे जायला दगडी बांध होता. आता मेहरौली-बदरपूर रस्ता तो कापून जातो, ट्रकांची रांग संपत नाही. पण आवारात पाऊल टाकलं की गोंगाट विसरायला होतो. लाल दगडाच्या कलत्या भिंती, त्यांत संगमरवराचे पट्टे, वर पांढरा घुमट. घुमटाच्या टोकाला चक्क आमलक, म्हणजे देवळाच्या शिखरावर असतो तसा आवळ्याच्या आकाराचा दगड, आणि कळस. आपल्याकडच्या देवळांचे आमलक पाहिलेल्या डोळ्यांना तो लगेच दिसतो, आणि मी तो बघत बराच वेळ उभी होते. आत तीन कबरी आहेत. मधली गियासुद्दीनची, एक त्याच्या बेगमेची आणि तिसरी महंमदाची मानली जाते. 1351 मध्ये सिंधमध्ये ठट्ट्याजवळ तो वारला. ज्याच्या एका हुकमाने आमच्या गावाचं नशीब बदललं, तो इथे, बापाच्या शेजारी.

दुपारी हौज खास मेट्रो स्टेशनवरून चालत बिजय मंडलला गेलो. सोसायट्यांच्या मधोमध एक उंच चौथरा, पर्यटक जवळपास नाहीत. महंमदाचा 'हजार सुतून', म्हणजे हजार खांबांचा महाल, इथेच होता असं मानतात. खांब लाकडी होते, त्यामुळे आता उरलेत ते फक्त दगडी तळखडे. खजिन्याच्या विहिरीसारखे दोन खोल खड्डेही आहेत. जवळच बेगमपूरची मशीद: प्रचंड अंगण, तिन्ही बाजूंना छोट्या घुमटांच्या ओवऱ्या, आणि पोरं क्रिकेट खेळतायत. मला लाल किल्ल्यापेक्षा ही जागा जास्त आवडली, हे स्पष्टच सांगते.

राजधानी हलवण्याचा विचार वेडेपणाचा होता का? यादवांचं राज्य 1318 मध्ये संपलं होतं, दख्खन दिल्लीपासून लांब, तिथे दरारा ठेवायचा तर मधोमध ठाणं हवं. अख्खी दिल्ली रिकामी झाली नाही. दरबारी, उलेमा (धर्मपंडित), सूफी यांनाच हलवलं, असं आज बरेच इतिहासकार मानतात. पण बळजबरी ती बळजबरीच. आणि फळ काय मिळालं? 1347 मध्ये दौलताबादच्याच अमिरांच्या बंडातून बहमनी सल्तनत उभी राहिली आणि दख्खन दिल्लीच्या हातून सुटला.

संध्याकाळी निजामुद्दीन दर्गा. चिंचोळी गल्ली, गुलाबाच्या टोपल्या, शेगडीवरच्या कबाबांचा धूर, आणि मग एकदम मोकळं आवार. गियासुद्दीन आणि सूफी संत निजामुद्दीन औलिया यांच्यातल्या वैराच्या कथा इथे अजून सांगतात: सुलतानाला मजूर किल्ल्यासाठी हवे होते, औलियांना बावडीसाठी. बंगालहून परतणाऱ्या सुलतानाबद्दल 'दिल्ली अजून दूर आहे' असं ते म्हणाले, आणि 1325 मध्ये शहराबाहेरच स्वागताचा लाकडी मंडप कोसळून तो गेला. औलियाही त्याच साली गेले. त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब त्या स्थलांतराच्या काळात दख्खनला आले आणि दौलताबादजवळच्या खुलताबादलाच राहिले. औलियांची वचनं लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्झी यांची कबरही तिथेच. खुलताबादला मी कितीदा गेलेय, भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन या दर्ग्यांवरून परतलेय. त्यांची मुळं या गल्लीत आहेत हे इथे येईपर्यंत जाणवलंच नव्हतं.

कुणी जाणार असेल तर: तुघलकाबादला सकाळी लवकर जा, पाणी जवळ ठेवा, खाण्याची पिशवी माकडांपासून जपा आणि बूट चांगले घाला. व्हायोलेट लाइनवर तुघलकाबाद नावाचं स्टेशन आहे, तिथून पुढे रिक्षा करावी लागते. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तोच दिवस बेगमपूर आणि बिजय मंडलला द्या. दर्ग्यात गुरुवारी संध्याकाळी कव्वाली असते, गर्दीही तितकीच. निवांत बघायचं असेल तर दुसरा वार निवडा. आणि खुलताबाद पाहिलं नसेल तर दिल्लीला जाण्याआधी ते पाहून घ्या.