बर्गरची पंगत

तालुक्याच्या बाजारात टोस्ट-खारीच्या बरण्यांशेजारी हल्ली गोल, वरून तीळ लावलेल्या पावांची पाकिटं टांगलेली असतात. असं एखादं पाकीट दुपारी घरात आलं, की संध्याकाळचा स्वयंपाक लेकरांनीच ठरवलेला असतो. आजी फक्त विचारते, "मंग भाकर टाकू का नको?" टाकावी. अर्ध्या घराला बर्गर खाऊन जेवल्यासारखं वाटत नाही.

अमेरिकेत बर्गर गाईच्या मांसाचा, त्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या घरात तो प्रश्न येतच नाही. १९९६ साली मॅकडोनाल्ड्सनं दिल्ली-मुंबईत दुकान थाटलं, तेव्हा त्यांनीही महाराजा मॅक मटणाचाच काढला होता. चिकन नंतर आलं. म्हणजे आपण काही वेगळं करतोय असं नाही. फक्त बोकडाचं मटण मुळात कोरडं, आणि आपली सवय चरबी काढून टाकायची. इथे उलट सांगावं लागतं: "भाऊ, खांद्याचं द्या, चरबी राहू द्या, दोन खेपा फिरवा." अर्धा किलोत शंभर ग्रॅम चरबी असली तर टिक्की रसाळ होते, नसली तर चामडं. आणि खिमा ज्या दिवशी आणला त्याच दिवशी संपवावा. सकाळचा बाजार आणि रात्रीचं जेवण यांत आपलं ऊन आणि लोडशेडिंग दोन्ही येतात.

आता खरा वाद. खिमा हाती आला, की घरातलं प्रत्येक माणूस त्यात काहीतरी टाकायला निघतं. कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आलं-लसूण, अंडं, थोडं बेसन. चव छान येते, पण तो कबाब झाला. कबाब पावात घालून खायला कोणाची मनाई नाही, त्याला बर्गर म्हणू नये इतकंच. चिरलेला कांदा तव्यावर पाणी सोडतो. टिक्की भाजायची सोडून वाफेवर शिजते आणि कडेनं फाटते. मीठसुद्धा आत मळायचं नाही. मीठ घालून खिमा मळला की तो स्वतःलाच घट्ट धरतो आणि रबरासारखा होतो. शंभर शंभर ग्रॅमचे गोळे हलक्या हातानं थापावे, पावापेक्षा बोटभर मोठे, कारण भाजताना ते आकसतात. मधे अंगठ्यानं खळगा करावा, नाहीतर मधला भाग फुगून टिक्कीचा बोंडा होतो. मीठ-मिरपूड वरून, तव्यावर टाकायच्या आधी क्षणभर.

तवा तापलेला हवा, पण जाळ कसला, हेही बघावं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, भडकते आणि विझते. वांगं भाजायला तिच्यासारखं काही नाही, टिक्कीला मात्र ती बाहेरून काळी करते नि आतून कच्ची ठेवते. बाभळीचे निखारे पडू द्यावे आणि त्यावर तवा ठेवावा. गॅस असेल तर मध्यम. एका बाजूनं चार-पाच मिनिटं, मग एकदाच उलटवायची, पुन्हा तेवढीच. सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, दाबली की चुर्र असा आवाज येतो, लेकरांना तो आवडतो, आणि सगळा रस तव्यावर जातो. विलायती लोक मधे गुलाबी ठेवतात, आपण ठेवू नये: मांसाच्या वरच्या अंगावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळलेले असतात. बोट लावल्यावर स्वच्छ पाणी सुटलं, लाली दिसली नाही, की झाली.

माळकऱ्यांसाठी सोयावडी. सोयाबीन आपल्याच वावरातलं, गिरणीत तेल काढून झालं की उरलेल्या पिठाची वडी होते आणि पाकिटातून गावात परत येते. या व्यवहाराबद्दल बोलावं तेवढं थोडं. शंभर ग्रॅम वडी मिठाच्या पाण्यात उकळावी, ते पाणी फेकावं, दोनदा धुवावी, म्हणजे उग्र वास जातो. मग पिळायची. पिळली असं वाटल्यावर पुन्हा पिळायची. राहिलेलं पाणीच टिक्की फोडतं. खलबत्त्यात भरड कुटून दोन उकडलेले आलू आणि तीन चमचे भाजलेलं बेसन; कच्चं बेसन घशाला लागतं. हिच्यात मात्र कांदा-सांबार खुशाल घाला, इथे स्वतःची चव असलेलं मांस नाही.

सोबतीला तळलेले आलू हवेतच. करंगळीएवढे काप, अर्धा तास पाण्यात, मग पाच मिनिटं उकळून कापडावर अगदी कोरडे. एकदा मंद तेलात मऊ होईपर्यंत, काढून निववावे, पुन्हा कडक तेलात रंग येईतो. शीतगृहातून नुकताच आलेला आलू घेऊ नये. थंडीत त्याच्या स्टार्चची साखर होते आणि काप कुरकुरीत होण्याआधीच काळे पडतात. दोन-तीन आठवडे घरात पसरून ठेवला की बराच सुधारतो.

बाटलीतल्या मेयोनीजपेक्षा पावाला भरीत लावावं, या मतावरून मी हलणार नाही. भाजलेलं वांगं सोलून आधी चाळणीत निथळत ठेवायचं, मग कच्चा लसूण, भाजलेली मिरची, चमचाभर फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल. संत्र्याचे दिवस असले तर पत्ताकोबीच्या कोशिंबिरीत सोललेल्या फोडी नि फल्लीचा कूट. मीठ वाढताना, नाहीतर वाटीत तळं साचतं.

एकूण भांडण पाण्याशीच आहे. पाव मधोमध कापून आतल्या बाजूला लोणी लावून शेकावा. लोण्याचा थर ओल अडवतो. टमाट्याच्या चकत्यांना मीठ लावून फडक्यावर ठेवावं. पत्ताकोबीचं पान माठाच्या पाण्यात बुडवून पुसून घ्यावं आणि टिक्कीच्या खाली घालावं, वर नाही, म्हणजे रस पानावर थांबतो. हे सगळं जुळवलं तरी पाव पाच-सात मिनिटंच धीर धरतो. मटणाची चरबी तर निवली की टाळूला चिकटते. बर्गर डब्यात बसत नाही, झाकून ठेवता येत नाही, शेतावरून उशिरा येणाऱ्यासाठी काढून ठेवता येत नाही.

म्हणून आपल्या पंगतीत तो अडचणीचा पाहुणा. तवा एक, त्यावर एका वेळी तीन टिक्क्या. "मायावाला (माझा) कोनता?" करत लेकरं आधी, मग बाप्ये, मग म्हातारी. तव्यापाशी बसलेली उरते शेवटी. भाजी-भाकर असती तर तिनं गंजातलं (पातेल्यातलं) खरवडून गरम करून घेतलं असतं. इथे तिच्या वाट्याला निवलेली टिक्की, ओला पाव, आणि आलूचे मोडके तुकडे. यावर उपाय मोठा नाही. अर्ध्यातून तव्याशी दुसऱ्यानं बसावं. टिक्की एकदाच उलटवायची असते. तेवढं घरातल्या बाप्यालाही जमतं.