फ्रांगु म्हणजे नुसतं चिकन नाही

लिस्बनला आल्यावर माझा पहिला पाठ झालेला पोर्तुगीज शब्द म्हणजे फ्रांगु, चिकन, कारण कोळशावर भाजलेली कोंबडी इथे गल्लोगल्ली मिळते आणि मला स्वयंपाकाचा कंटाळा. त्यामुळे खालच्या कॅफेत मॅच चालू असताना गोलकीपरच्या हातून सोपा बॉल सुटला आणि सगळे "फ्रांगु!" म्हणून ओरडले तेव्हा मला वाटलं कुणाची तरी ऑर्डर आली. सगळे पोट धरून हसले. गोलकीपरने असा हातातला गोल खाल्ला की त्याला इथे फ्रांगु म्हणतात म्हणे.

मग कॅफेवाले काका पोर्तुगालच्या जुन्या गोलकीपरवर, रिकार्दोवर आले. हा नदीपलीकडच्या मोंतिझोचा. 2004 च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेला, गोलकीपर विक्तोर बाईया, जो नुकताच पोर्तो क्लबबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकला होता, त्याला कोच स्कोलारीने टीममध्येच घेतलं नाही आणि गोलमध्ये उभा केला रिकार्दोला. अर्धा देश खवळलेला! 24 जूनला इथल्याच लूझ स्टेडियमवर इंग्लंडशी 2-2, पेनल्टी शूटआउट, समोर इंग्लंडचा व्हॅसेल. आणि रिकार्दोने चक्क ग्लोव्हज काढले. इथे काकांनी गरम ट्रे धरायचं फडकं काउंटरवर आपटून दाखवलं आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. उघड्या हातांनी त्याने ती पेनल्टी अडवली, वर पुढची पेनल्टी स्वतःच जाऊन मारली, गोल, पोर्तुगाल सेमीफायनलला. (कोण करतं असं? बोटं मोडली असती तर?)

दोन वर्षांनी वर्ल्डकपला परत इंग्लंड, परत शूटआउट, तारीख 1 जुलै, आणि यावेळी लॅम्पार्ड, जेरार्ड, कॅरागर अशा तिघांच्या पेनल्ट्या याने अडवल्या. वर्ल्डकपच्या एका शूटआउटमध्ये तीन अडवणारा हा पहिलाच. गंमत म्हणजे 2024 च्या युरोला बरोबर 1 जुलैलाच पोर्तुगालचा गोलकीपर दियोगो कोस्ताने स्लोव्हेनियाच्या तीन अडवल्या, काका त्याचंही कौतुक करतात पण हातचं राखून, कारण ग्लोव्हज घालून काय, कुणीही अडवेल.

मधली एक मॅच मात्र त्यांनी गाळली होती. 2004 च्या त्या इंग्लंड मॅचनंतर दहाच दिवसांनी, त्याच मैदानावर फायनल, ग्रीसचा कॉर्नर, रिकार्दो पुढे धावत आला, बॉल काही हाताला लागला नाही आणि 0-1. मी घरी वाचून गेले होते, म्हणून विचारलं, मग काका, तो फ्रांगु होता का?

काकांनी फडकं उचललं, पुसलेलंच काउंटर परत पुसलं आणि म्हणाले, अजून एक कॉफी देऊ का तुला?