सागाआधी खड्डा खणा

मराठवाड्यात लाकडासाठी झाडं लावायची म्हटली की पहिलं नाव सागाचं निघतं, दुसरं अलीकडे महोगनीचं. रोपं विकणारा बारा वर्षांनंतरचे लाखांचे आकडे सांगतो. रान भारी, म्हणजे काळ्या चिकणमातीचं आहे की मुरमाड, हे तो विचारत नाही.

पाऊस बघावाच लागतो. आष्टी, पाटोदा, भूम, परांडा या पट्ट्यात वर्षाला सहाशे मिमीच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. किनवट-माहूरकडे हजाराच्या आसपास. किनवटच्या डोंगरात साग आपोआप वाढतो, म्हणून तो परभणीच्या काळ्या रानातही वाढेल असं नाही. तिथे पाऊस कमी पडतो ही अडचण दुय्यम. खरी अडचण पडलेलं पाणी मुळाशी तुंबण्याची. डोंगरउतारावरच्या मुरमात ते निघून जातं, काळ्या चिकणमातीत बसून राहतं. हीच माती उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि कोवळी मुळं तोडते.

म्हणून मे महिन्यात दीड मीटर खोल खड्डा घ्या. रान मोठं असेल तर चढाला एक, खोलगटात एक. काळी माती किती खोल, मुरूम कुठे लागतो, चुनखडीचे खडे कुठून सुरू होतात, ते बघा. बाजूच्या मातीवर सौम्य ॲसिडचे चार थेंब टाका. फसफसून फेस आला तर चुना भरपूर आहे. मग खड्डा पाण्याने भरा. पहिलं पाणी भेगांतून निघून जातं, ते धरू नका. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल, तर तिथे साग, चंदन आणि महारुख (लवकर वाढणारं लाकडाचं झाड) लावू नका. सामू (pH) आणि क्षारता मात्र प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या.

पाणी उभं राहणाऱ्या भारी रानाला बाभळीसारखं झाड नाही. बांधावर लावायची तर रामकाठी बघा: सरळ वर जाते, फांद्या पसरत नाहीत, पिकावर सावली कमी पडते. बाभळीच्या बियांचं कवच टणक असतं. शेळ्यांना शेंगा चारून गोठ्यात पडलेलं बी गोळा केलं तर ते चांगलं उगवतं. ओढ्याकाठी अर्जुन आणि करंज; कालव्याखालच्या चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट होत चाललेल्या पट्ट्यातही करंज आणि बाभूळ तग धरतात.

हलक्या, मुरमाड माळावर कडुनिंब. त्याच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही, तरी त्याला कुणी इमारती झाड म्हणत नाही, हे नवलच. बी दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावतं, तेव्हा ताज्या निंबोळ्याच पेरा. फटी असलेल्या खडकावर अंजन चालतो. पहिली काही वर्षं तो खुरटलेला दिसतो, पण तेव्हा त्याचं मूळ खाली जात असतं. पॅकिंगच्या खोक्यांसाठी आणि आगकाडीसाठी लवकर लाकूड हवं असेल, तर निचऱ्याच्या मध्यम जमिनीत महारुख. चंदन मुरमात येतं, पण एकटं नाही. ते शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नपाणी ओढतं, म्हणून रोपाशेजारी पहिल्या वर्षी तूर, पुढच्या काळासाठी करंज किंवा कडुनिंब असा यजमान लागतो.

चुनखडीच्या रानात निलगिरी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह जमिनीत असतं, झाडाला उचलता येत नाही. फेरस सल्फेट फवारलं की थोडे दिवस पालवी सुधारते, मग पुन्हा तेच. असं रान निलगिरीचं नाही.

निचऱ्याची, मीटरभर खोल मध्यम जमीन आणि हाताशी पाणी असेल, तर साग जरूर लावा. दोन बाय दोन मीटरवर एकरी साधारण हजार रोपं बसतात. ही सगळी ठेवायची नसतात. पाचव्या-सहाव्या वर्षी आणि पुढे दहाव्याच्या सुमारास विरळणी करावी लागते. शेतकऱ्याचा जीव होत नाही, आणि मग सगळ्याच काठ्या हाताएवढ्या जाडीच्या राहतात. पाणी पाजून झपाट्याने वाढवलेल्या कोवळ्या सागात गाभा, म्हणजे आतलं पक्कं लाकूड कमी, बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. व्यापारी भाव गाभ्याचा देतो. पावसाळ्यात पानांची जाळी झालेली दिसली तर ती पानं खाणारी अळी असते. त्याने झाड सहसा मरत नाही, वाढ खुंटते.

मुरमात दीड-दोन फुटी खड्डा घेऊन शेणखत, पोयट्याची माती आणि वाळवीसाठी पाव किलो निंबोळी पेंड घाला. भारी काळ्या रानात हीच रीत घात करते: खड्ड्यातली भुसभुशीत माती पाणी ओढते, बाजूची चिकणमाती ते सोडत नाही, आणि मूळ कुजतं. तिथे फूटभर उंच वरंबा करून त्याच्यावर रोप लावा. पहिल्या सरीवर घाई नको. ओल दीड फूट खाली गेली की लावणी करा, म्हणजे मधल्या उघडिपीत रोप टिकतं.

झाडांची नोंद लावलेल्या वर्षीच सातबाऱ्यावर करून घ्या. साग आणि चंदनाला तोडीच्या वेळी परवानगी लागते, आणि नोंद नसेल तर झाडं आपलीच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.