‘समज दिली’ या शेऱ्यापुढचे चार महिने

११२ वर येणाऱ्या घरगुती मारहाणीच्या कॉलवर आमचे अंमलदार जाऊन नेमके काय करतात, हे तपासण्याचे काम सहायक पोलीस निरीक्षक म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा आढावा फक्त गाडी किती मिनिटांत पोहोचली याचा घेतला जात असे. गाडी वेळेत पोहोचत होती. अडचण टॅबवरच्या शेऱ्यात होती. ‘पती-पत्नीचा किरकोळ वाद, समज दिली, महिलेची तक्रार नाही.’ एकाच घरातून १७ दिवसांत ३ कॉल आले होते आणि तिन्ही वेळा, वेगवेगळ्या अंमलदारांनी, हाच शेरा मारला होता. तक्रार द्यायची आहे का, हे तिला उंबऱ्यातच, नवरा शेजारी उभा असताना विचारले गेले होते. तिसऱ्या वेळी तिने पदर कानावर घट्ट ओढून धरला होता, हे एका शिपायाला मी विचारल्यावर आठवले. शेऱ्यात ते नव्हते.

अंमलदारांची पद्धत लवकर बदलली. एकाने नवऱ्याला बाहेर न्यायचे, महिला अंमलदाराने आत बोलायचे, जखमा आणि मुलांची अवस्था लिहायची, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे संरक्षण अधिकारी (पीडितेला मदत करायला सरकारने नेमलेला अधिकारी), मोफत विधी सेवा व फौजदारी तक्रारीचा हक्क तिला सांगायचा, हे रुळले.

अडले ते संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील आवक टेबलावर. हिंसाचाराची माहिती कळवणारी आमची पत्रे ‘पीडितेचा अर्ज जोडलेला नाही’ म्हणून परत येत. बाई स्वतः आली तरच कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे हिंसाचाराची ठरलेल्या नमुन्यातली नोंद, भरू, असे तोंडी सांगितले जाई. लेखी मागितले तर कोणी देत नसे. जिला घराबाहेर पडू दिले जात नाही, तिने एसटीने तालुक्याला येऊन अर्ज करावा, ही अपेक्षा ऐकताना आलेला संताप अजून ओसरलेला नाही. मी तीन खेपा घातल्या. शेवटी कलम ४ पत्रातच उतरवले : हिंसाचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ शकते. प्रती जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना आणि आमच्या वरिष्ठांना दिल्या. आठव्या दिवशी आवक क्रमांकाची पोच हातात पडली, आणि ती घेऊन मी कितीतरी वेळ जिन्यातच उभी होते.

हे काम करणाऱ्यांनी पोच घेतल्याशिवाय उठू नये. न्यायदंडाधिकाऱ्यांचा संरक्षण आदेश आधीच झालेला असेल आणि तो मोडला गेला असेल, तर तो कलम ३१ खाली दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे, तिथे समज देऊन परतता येत नाही; म्हणून निघतानाच जुने कॉल पाहावेत. आणखी एक, हे खरे तर आधी सांगायला हवे होते : पुन्हा कोणत्या वेळी, कोणत्या क्रमांकावर फोन करावा, हे पहिल्याच भेटीत विचारावे. आम्ही न विचारता केलेला एक फोन नवऱ्याने उचलला होता, आणि ती चूक माझी होती.

त्या घरातून चौथा कॉल आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पत्र स्वीकारले गेले आणि घटना अहवाल तिच्या माहेरी बसून भरला गेला.