दोन सूत माया आणि मशीनचा चालणारा पाय

एका रात्री साडेअकराला मी साठ इंचांची शिवण तिसऱ्यांदा उसवत बसले होते. साठ इंच म्हणजे पाच फूट, टाका दोन मिलिमीटरचा, म्हणजे एका शिवणीत साडेसातशेच्या वर टाके, हिशोब करा. घरात सगळे झोपलेले, गल्लीत कुत्री भुंकतायत आणि मी रिपरने एकेक टाका कापत मनातल्या मनात मशीनला नको ते बोलतेय.

झालं असं की भाचीचं लग्न ठरलंय आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले की गोधडी मी शिवून देणार. आत्याच्या पेटीत दोन जुन्या माहेश्वरी साड्या होत्या, पदराला विरलेल्या पण बाकी अंग चांगलं, त्या तिने काढून दिल्या. जोडीला शीतलामाता बाजारातून बाग प्रिंटचं, म्हणजे बाग गावच्या ठशांच्या छपाईचं कॉटन आणलं, लाल आणि काळं, इंदूरला राहून बाग नाही वापरायचं तर काय सुरतेचं सिंथेटिक वापरायचं? बाग दोनदा पाण्यातून काढलं, कारण तो लाल कधी कुणाला रंगवेल सांगता येत नाही, आणि कॉटन आटतं ते वेगळंच. डिझाइन एकदम सोपं ठेवलं होतं, अडीच इंच रुंदीच्या तीस लांबच लांब पट्ट्या, एक माहेश्वरी एक बाग, एकीला एक जोडत जायचं. ह्यात काय चुकणार, असं वाटलं होतं.

पहिलीच जोडी शिवली आणि शेवटाला पोचले तर वरची माहेश्वरी खालच्या बागपेक्षा चार सूत जास्त उरलेली. अर्धा इंच! सुरुवातीला दोन्ही टोकं मी स्वतः जुळवून टाचणी लावली होती. उसवलं, परत शिवलं, तेच. मग दर तीन इंचांवर टाचणी लावली, तर तो अर्धा इंच टाचण्यांच्या मधेमधे वाटला गेला आणि पूर्ण शिवणभर बारीक झोळ, अंगाला बेतून न घेतलेल्या ब्लाउजसारखा.

आत्या शेजारी बसून बघत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आयुष्यभर हातानेच गोधड्या शिवल्यात. म्हणाली, "तुझ्या हातात दोष नाहीये गं, ते खालचं खेचतंय आणि वरचं मागे राहतंय, दिसत नाही का तुला?" मला खरंच दिसत नव्हतं.

दिसलं ते दोन दिवसांनी, आणि कुठे, तर गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडे. कव्हर फाटलं होतं म्हणून गेलो होतो, ह्यांचं आणि त्याचं भावावरून चाललं होतं आणि मी त्याच्या मशीनपाशी उभी. जाड रेक्झिन, त्याखाली फोम, त्याखाली कापड, आणि तो ते सगळं असं सरळ पळवत होता की काही विचारू नका. नीट बघितलं तर त्या मशीनला एक नाही, दोन पाय होते. एक पाय कापड दाबून धरतो, दुसरा उचलला जातो, पुढे जाऊन टेकतो, मग पहिला उचलला जातो आणि दुसरा कापडासकट मागे येतो. अगदी माणूस चालतो तसं. मी विचारलं की हे असं का, तर डोकं वर न करता म्हणाला, "दीदी, घर की मशीन में ऊपर वाला कपड़ा चलता नहीं, घिसटता है. यहाँ ऊपर वाला भी चलता है."

घिसटता है! तीन रात्रींचं उत्तर ह्या एका शब्दात होतं.

आपल्या घरगुती मशीनमध्ये खाली दाते असतात, ते वर येतात, खालच्या कापडाला धरून मागे नेतात, खाली बसतात, परत पुढे येतात. वरच्या कापडाला धरणारं कुणी नाही. वर आहे तो गुळगुळीत पाय, तो नुसता दाबतो, आणि दाबतो म्हणजे अडवतो पण. खालचं कापड पुढे जाणार, वरचं खालच्याच्या भरवशावर जाणार. दोन्ही कॉटन असतील तर एकमेकांना चिकटून राहतात, दहा-बारा इंचांच्या शिवणीत फरक कळतही नाही. पण माहेश्वरीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुती, त्यामुळे ते कापड बागवर सरकतं. दर टाक्याला केसभर मागे राहतं आणि साडेसातशे टाक्यांनंतर चार सूत होतात. हाताच्या धावदोऱ्यात हा प्रश्नच नाही कारण तिथे कापड कुणी ओढतच नाही, सुई कापडातून जाते आणि थर जागच्या जागी. आत्याला हे माहीतच होतं, तिने फक्त सीट कव्हरवाल्यासारखं एका शब्दात सांगितलं नाही.

तर ह्या चालणाऱ्या पायाचं घरगुती रूप म्हणजे वॉकिंग फूट. त्याच्या पोटात स्वतःचे छोटे दाते असतात आणि बाजूला एक दुबेळक्यासारखी दांडी, ती सुई कसायच्या स्क्रूवर बसते. सुई वर गेली की दांडी वर, आणि त्या हिशोबाने वरचे दाते खालच्या दात्यांबरोबर मागे सरकतात. म्हणजे वरचं कापड वरून धरलेलं, खालचं खालून धरलेलं. फाफ कंपनीने तर १९६८ पासून ही सोय मशीनच्या आतच बसवायला सुरुवात केली, पण आपल्याला ते परवडणारं नाही, आपण वेगळा फूट विकत घ्यायचा.

मी ऑनलाइन मागवला आणि पहिला चुकीचा आला, म्हणजे चुकीचा मीच मागवला. मशीनची शँक, म्हणजे फूट जिथे लागतो तो भाग, लो आहे का हाय हे बघायचं असतं, फुटाचा स्क्रू मशीनच्या प्लेटपासून किती उंचीवर लागतो त्यावर ते ठरतं, आणि मी फोटो बघून मागवून मोकळी. परत केला, लो शँकचा मागवला. हा नेहमीच्या फुटासारखा टिचकीसरशी बसत नाही, आधीच्या फुटाचा होल्डरसुद्धा स्क्रू काढून बाहेर काढावा लागतो.

आणि आता खरी फजिती. फूट लावला, दोन संध्याकाळी शिवलं, आणि फरक अजूनही दोन-तीन सूत येतच होता. मी म्हटलं पैसे पाण्यात. सगळ्यांना सांगून टाकलं की वॉकिंग फूट म्हणजे नुसतं फॅड आहे. तिसऱ्या दिवशी मुलगा पाणी प्यायला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आई, ही दांडी तर हलतच नाहीये." दांडी स्क्रूच्या वर नाही, मागे अडकून बसली होती! म्हणजे दोन संध्याकाळी मी नेहमीपेक्षा जाड आणि जड असा एक न चालणारा पाय लावून शिवत होते. तेव्हा फूट लावल्यावर आधी चाक हाताने फिरवून बघा, सुईबरोबर दांडी उचलली गेली पाहिजे आणि फुटाच्या आत काहीतरी खटक खटक हललं पाहिजे. आवाज होतोच, त्याला घाबरू नका.

दांडी जागेवर बसवली आणि पहिली पट्टी शिवली. दोन्ही टोकं एकावर एक. मी फूटपट्टी घेऊन बघितलं, एका धाग्याचाही फरक नाही. आत्याला हाक मारून दाखवलं तर ती म्हणे, "हं," आणि परत टीव्ही बघायला गेली.

मला वाटलं आता जग जिंकलं, आणि पाच पट्ट्या जोडून रुंदी मोजली. साडेदहा यायला हवी होती, दोन-दोन इंचांच्या पाच आणि दोन्हीकडची मोकळी माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड. आली दहा. चार शिवणी, चार सूत गायब.

इथे खूपजण फसतात, मीही फसले. वॉकिंग फूट लांबी सांभाळतो, रुंदी नाही. माया किती घेतली जातेय ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट तो तिथे त्रासच देतो, कारण तो अंगाने रुंद. पट्ट्या जोडायला माया पाव इंच लागते, म्हणजे आपल्या टेलरच्या भाषेत दोन सूत. माझ्या नेहमीच्या पाव इंची फुटाची कड बरोबर दोन सूतांवर येते, कापडाची कड तिला लावून शिवायची की झालं. वॉकिंग फुटाची कड सुईपासून तीन सूतांवर. मी त्या कडेचा अंदाज घेत घेत थोडं आत शिवत होते आणि अंदाज अर्धा सूत मोठा पडत होता. अर्धा सूत म्हणजे काय हो, पेन्सिलीची जाड रेघ. पण दोन्ही पट्ट्यांचा अर्धा-अर्धा जातो, म्हणजे शिवणीला एक सूत, आणि तीस पट्ट्यांच्या एकोणतीस शिवणी, एकोणतीस सूत, साडेतीन इंचांहून जास्त! साठ इंचांची गोधडी सत्तावन्नसुद्धा भरली नसती.

उपाय दोन आहेत. मशीनची सुई डावी-उजवी सरकत असेल तर ती एक सूत, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, उजवीकडे घ्यायची, की फुटाची कड आपोआप दोन सूतांवर येते. पण चाक हाताने फिरवून सुई फुटाच्या आणि खालच्या प्लेटच्या फटीतून सुखरूप जातेय ना ते बघितल्याशिवाय पायडल दाबायचं नाही, आणि प्लेट झिगझॅगचीच हवी, नुसत्या गोल भोकाची असेल तर सुई सरळ लोखंडावर आपटणार. सुई सरकत नसेल तर सुईखाली पट्टी ठेवून दोन सूतांची रेघ सुईच्या टोकाला लावायची आणि पट्टीच्या कडेने मास्किंग टेपचे चार-पाच थर चिकटवायचे. टेप फुटाच्या पुढे, आपल्या बाजूला लावायची. फुटाखाली गेली तर फूट तिच्यावर चढून तिरका बसतो, आणि दात्यांवर तर अजिबात नको. मी सुई सरकवली आणि वर टेपही लावली, दुधाने तोंड पोळलेलं.

आणि खरं तर पुरे दोन सूतही घ्यायचे नाहीत, एक धागा कमी. शिवण एका बाजूला वळवून इस्त्री केली की कापडाच्या घडीत तेवढा धागा जातोच. हे पटत नसेल तर दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापा, जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर एक इंच भरली तर माया बरोबर. माझी पहिल्यांदा एक सूत कमी भरली, दुसऱ्यांदा थोडी जास्त, चौथ्यांदा जमली. चिंध्या वाया जातात, जाऊ देत.

अजून एक गंमत सांगते जी मला कुणी सांगितली नव्हती. जुन्या शिवणकामात युक्ती असते की ज्या तुकड्यात थोडं जास्तीचं कापड आहे तो खाली ठेवायचा, दाते तो झोळ गपचूप खाऊन टाकतात. वॉकिंग फूट लावलात की ही पळवाट बंद, कारण तो दोन्ही थर सारखेच पुढे नेतो. सातवी पट्टी जोडताना शेवटाला परत दोन सूतांचा फरक आला, मी दांडी बघितली तर ती ठणठणीत. मग पट्टी मोजली. पट्टीच लांब कापली गेली होती! नेहमीच्या फुटाने मी ती कशीबशी ओढूनताणून बसवली असती आणि धुतल्यावर गोधडीला फुगवटा आला असता.

पट्ट्या सगळ्या एकाच टोकाकडून शिवत गेलं तर पूर्ण तुकडा धनुष्यासारखा वाकतो, म्हणून एक ह्या टोकाकडून, पुढची त्या टोकाकडून. हे वॉकिंग फूट असूनही करतेच मी. उलटी शिलाई मात्र ह्या फुटाने मारायची नाही, त्याचे दाते पुढे न्यायलाच बनवलेत. पट्ट्यांना ती लागतही नाही म्हणा, पुढची शिवण किंवा गोट त्या टोकावरून जातोच. सुरुवातीला दोरा गुंतत असेल तर आधी एका चिंधीवर चार टाके घालून तसंच पट्टीवर जायचं. आणि वेग कमी. मी एकदा भरधाव सोडलं तर दांडीच्या हादऱ्याने सुईचा स्क्रू सैल झाला, सुई खाली घसरली आणि कट् करून दोन तुकडे, एक अजून सापडला नाहीये, ह्यांना अनवाणी त्या खोलीत येऊ नका सांगितलंय. आता दर दोन-तीन पट्ट्यांनंतर स्क्रू कसून घेते, छोट्या स्क्रू ड्रायव्हरने, बोटांनी नाही.

आता तुम्ही विचाराल की मग सगळंच ह्या फुटाने शिवायचं का, तर माझं मत नाही. अडीच इंचाचे कॉटनचे चौकोन एकामागे एक तोरणासारखे शिवत जायचे असतील तर पाव इंची फूटच बरा, पटपट होतं आणि कड स्वच्छ दिसते. वॉकिंग फूट अवजड आहे, समोरचं अर्धं झाकतो. तो काढायचा लांब पट्ट्यांना, किनारीला, उरेब कापलेल्या कडांना, रेशीम-सुती अशा बेबनावाच्या जोड्यांना, आणि अर्थात शेवटी गोधडीचे वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही थर एकत्र शिवताना, त्याचं मूळ काम तेच.

एकवीस पट्ट्या झाल्यात, नऊ राहिल्यात. आत्याने काल संध्याकाळी येऊन शिवणींवरून अंगठा फिरवला, एका ठिकाणी थांबली, परत फिरवला. "ही कितवी?" म्हणाली. दुसरी होती, दांडी मागे अडकलेली असतानाची, मी ती तशीच ठेवून दिली होती की कुणाला कळणार नाही. रिपर परत काढलाय.